बेट बुडतंय तर बांध घालायचा की माणसं हलवायची?

कृष्णाकाठ (चिकोडी): पश्चिम बंगालच्या सुंदरबनात हुगळी नदीच्या तोंडावर घोडामारा बेट आहे, दरवर्षी कडा ढासळून बारीक होत चाललंय, शेजारचं लोहाचरा बेट तर पाण्याखालीच गेलं. घोडामाराच्या लोकांचं पोट खायच्या पानावर, पानमळा हीच कमाई. मे २०२१ मध्ये यास वादळात अख्ख्या बेटावर खारं पाणी शिरलं. आता आपल्याकडं बघा, ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमचा सगळा ऊस कुजला, पण पाणी उतरल्यावर रान जागेवर होतं, पुढच्या वर्षी परत लावण केली. त्यांचं रानच जातंय. माझं म्हणणं, आधी पक्का बांध घाला.

निपाणीकर: नाही पटलं. बांध घालणं म्हणजे पैसा पाण्यात टाकणं. एका ठिकाणी दगड टाकले की लाटा शेजारचा किनारा खातात, आणि मातीचा बांध तर प्रत्येक वादळात फुटतोय. तेवढ्याच पैशात माणसं हलवा, जमीन द्या, विषय संपला.

कृष्णाकाठ: जमीन द्या म्हणणं सोपं हाय ओ. ओडिशातलं सातभाया समुद्रानं खाल्लं, लोकांना बागापटियाला हलवलं, तिथं घराला जागा मिळाली पण कसायला रान नाही, पोरं कामाला केरळला जातात. आणि घोडामाराची माणसं ज्या सागर बेटावर गेली त्याच्याही कडा तुटतायत.

खानापूर रोड: दोघंही सगळी बेटं एकाच मापात घालूलालाय. लक्षद्वीपला काँक्रीटचे टेट्रापॉड, म्हणजे लाटा अडवायचे चार पायांचे ठोकळे, टाकलेत किनाऱ्याला, तिथं दुसरा इलाज काय? तिथल्या मिनिकॉय बेटाचा माणूस ट्युना मासा पकडून सुकवून विकतो, त्याला उचलून कोचीत ठेवलं तर होडी कुठं लावणार तो? तिथं मी बांधाच्या बाजूनं. सुंदरबनात गाळाची माती, तिथं मात्र निपाणीकरांचं खरं.

शहापूर गल्ली: मला एक कळत नाही, आपल्याकडं पुरात पडलेल्या घरांचे पैसे सगळ्यांच्या हातात आलेत काय? आधी ते बघूया की. बंगालच्या बेटाचं आपण काय करणार?

कृष्णाकाठ: तोच तर मुद्दा आहे. पूर आला तर सरकारच्या आपत्तींच्या यादीत नाव आहे म्हणून निदान पंचनामा तरी होतो. वादळही यादीत आहे, पण रोज थोडी थोडी जमीन तुटते ती नाही. १५ व्या वित्त आयोगानं पहिल्यांदा २०२१ ते २६ साठी धूप रोखायला १,५०० कोटी आणि धुपीनं विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी सुचवले, अख्ख्या देशाला मिळून, त्यात माजुलीसारखं ब्रह्मपुत्रेतलं बेटही आलं. ह्यात कुठं कुठं पुरणार? आणि नदीकाठी आपलंही रान तुटतंच की, उद्या आपल्यालाही हेच लागू.

हुक्केरीचा: माझ्या आज्ज्याचं गाव धरणात गेलं. समुद्र नाही, पण पाण्यानंच नेलं. जे लवकर उठले त्यांनी निवडून जमीन घेतली, आज त्यांची नातवंडं ऊस घालतात. आमचा आज्जा शेवटपर्यंत बसला, गाव सोडवत नव्हतं, शेवटी घराची जागा मिळाली आणि माळरान, मग जन्मभर वीटभट्टीवर मजुरी. म्हणून कृष्णाकाठ, तुमचं दुखणं मला कळतंय पण बांधाच्या आशेवर माणसं थांबवू नका. बांध घालेपर्यंत चांगली जमीन दुसऱ्याची झालेली असते.

निपाणीकर: हेच म्हणत होतो मी.

कृष्णाकाठ: तुमच्या आज्ज्याची गोष्ट मनाला लागली. तरीपण एवढं मान्य करा, त्यांना माळाऐवजी पाण्याची दोन एकर मिळाली असती तर वीटभट्टी आली नसती. पानमळेवाल्याला हलवायचं तर पान येईल असंच रान द्या, आणि नवीन मळा हाताला येईपर्यंत घर चालवायला पैसे. हे मिळणार असेल तर मी बांधाचा हट्ट सोडतो.

हुक्केरीचा: मिळेपर्यंत बेटावर रान किती उरतंय ते बघा. त्यांनी आत्ताच मोजणी करून कागद करून ठेवावेत, पाणी आल्यावर रानाच्या हद्दीचा दगड कुठं होता हे दाखवता येत नाही. आमच्याकडं नव्हता कागद.