शिंगवाला काळा भुंगा सापडलाय, कोण हा?

कुंडीवाली, मुलुंड:
काल रात्री पावसाची सर येऊन गेल्यावर सोसायटीच्या बागेत उतरले, तर दिव्याखालच्या कट्ट्यावर हा उताणा पडून पाय झाडत होता. काडी पुढे केली, ती धरली ती सोडेचना! घरी डब्यात आणून भिंगाखाली धरला. पट्टीने मोजला, साडेचार सेंटिमीटर. पाठ चिंचोक्यासारखी तुकतुकीत, पोट तांबूस, पायांवर करवतीचे दाते, डोक्यावर मागे वळलेलं आखूड शिंग. पाठीवर बोट दाबलं की चर्र चर्र करतो. अहो स्वयंपाकघरातून ओरडले, "काय किसतेयस?" विषारी आहे का? बिल्डिंगमधल्या पोरांनी नाव ठेवलंय पैलवान, आणि पाळायचाय म्हणतात.

वसईची वाडी:
विषारी नाही, पण पाळू नका. हा गेंड्या भुंगा, आमच्या माडांचा वैरी. रात्री शेंड्यात शिरून न उमललेली कोवळी झावळी कुरतडतो. ती उलगडली की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. आजोबा तारेचा आकडा घालून भुंगा उपसून काढायचे आणि बेचक्यात वाळू नि निंबोळी पेंड भरायचे. तुमच्याकडे माड आहे?

कुंडीवाली, मुलुंड:
गेटपाशी एक आहे. आत्ताच बघून आले, दोन झावळ्या अगदी तशाच! आणि मी वर्षभर माळ्याला बोल लावतेय. बरं, कंपोस्टच्या ड्रममध्ये अंगठ्याएवढ्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघाल्या होत्या. खताला चांगल्या म्हणून मीच परत टाकल्या.

किडेप्रेमी:
सरसकट मारू नका. गेंड्याच्या अळ्या कुजक्या पाल्यात, शेणखतातच वाढतात, माडाला त्रास देतो तो मोठा झालेला भुंगा. पण फुलांवर येणाऱ्या लहान भुंग्यांच्या अळ्याही तिथेच असतात. फरशीवर सोडून बघा, पाठीवर सरपटल्या तर त्या फुलवाल्यांच्या. आणि तुमच्या पैलवानाच्या पोटाच्या टोकाशी तांबूस केसांचा झुपका आहे का? असेल तर मादी.

कुंडीवाली, मुलुंड:
झुपका आहे. म्हणजे बाई ड्रमकडेच निघाल्या होत्या! सकाळी सहा अळ्या गच्चीत फरशीवर ठेवल्या. चार पाठीवर भराभर सरकल्या, त्या परत ड्रममध्ये, वर बारीक जाळी बांधून. दोन कुशीवर वळून तशाच पडून आहेत. कठड्यावर कावळा येऊन बसलाय. मी दार लावून घेतलं.