‘विनाअट प्रेम’ याला घरचा शब्द कोणता?

प्रश्न (इंदूर): एकादशीला आमच्या महिला भजनी मंडळात दहा मिनिटं बोलायचंय. विषय, आईबापाच्या प्रेमात देवाचं प्रेम दिसतं. सूनबाईंनी ‘विनाअट प्रेम’ असं लिहून दिलं. वाचताना भाडेकराराची आठवण झाली! ‘निर्व्याज प्रेम’ चालेल का? तर त्या म्हणतात, म्हणजे बिनव्याजी?

उत्तर: सूनबाईंची शंका रास्त आहे, पण इथलं व्याज बँकेतलं नाही. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे बहाणा, कपट. शाळेत शिकलेल्या व्याजस्तुतीतलं, म्हणजे निंदेच्या बहाण्याने केलेल्या स्तुतीतलं, तेच. निर्व्याज म्हणजे आत एक बाहेर एक नसलेलं. तेव्हा ‘निर्व्याज हसू’ अगदी बरोबर. पण मनापासून प्रेम करणारा बापही ‘आधी पास हो, मग बोल माझ्याशी’ म्हणतोच की. निर्व्याज असून अट राहू शकते.

उत्तर (ग्वाल्हेर): तुकोबा असताना शोधताय कशाला? ‘लेकराचें हित । वाहे माउलीचें चित्त ॥ ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती ॥’ लाभाविण! अट घेणाऱ्याला घातलेली असते. लाभ देणाऱ्याच्या मनात असतो. तुकोबा थेट देणाऱ्याचं मन तपासतात. मला हा शब्द ‘विनाअट’पेक्षा कितीतरी वरचा वाटतो. फक्त एक सांभाळा, अभंगाच्या शेवटी ‘तुम्हां संतांवरी ओझें’ आहे. इथली माउली म्हणजे संत. थेट देवाला लावाल तर कुणीतरी जाणती बाई टोकेलच.

प्रश्नकर्ती: आणि नुसतं ‘माया’? शेजारच्या भाभी ऐकायला येतात, त्या लगेच कबीर काढतील, ‘माया महा ठगनी हम जानी’.

उत्तर (वडोदरा): काढू द्या. वेदान्तातली माया ठगवणारी, आपली आजीची माया वेगळी. शिवणकामातली तर आणखी निराळी. मुलीचं पोलकं शिवताना आई शिवणीत दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, सोडायची. वर्षभरात अंग भरलं की टीप उसवायची, पोलकं पुन्हा बेतशीर. भाभींना हेच सांगा, ठगनी विसरतील.

प्रश्नकर्ती: हे घेतेच. पण सगळीकडे माउलीच हो, बाप कुठाय?

उत्तर (ग्वाल्हेर): ज्ञानदेवांच्या नाममुद्रेत, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणाऱ्या त्यांच्या खुणेच्या शब्दांत, बघा, ‘बापरखुमादेवीवरु विठ्ठलु’. रखुमादेवीचा वर तो विठ्ठल, माझा बाप. आता त्यांच्या घरातली नावं आठवा: वडील विठ्ठलपंत, आई रुक्मिणी. नाममुद्रा एकच, तिच्यात देव ऐकायचा की आईवडील, ते तुम्हीच ठरवा. मला तरी दोन्ही ऐकू येतात.