गारठा, गुडघे आणि सकाळचे फिरणे: आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-२०२: सर्वांना नमस्कार. निफाडचा गारठा आता नाशिक शहरातही चांगलाच जाणवू लागला आहे. सकाळी माझे दोन्ही गुडघे इतके आखडलेले असतात की पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावले भिंतीला धरूनच टाकावी लागतात. दहा-पंधरा मिनिटांनी मात्र चालणे सुरळीत होते. थंडी ओसरेपर्यंत मी फिरायला जाऊ नये, असे सूनबाईंचे म्हणणे आहे. हे योग्य ठरेल का, ते जाणकारांनी कृपया सांगावे.

सी-५०१ (फिजिओथेरपिस्ट): काकू, फिरणे बंद करू नका, फक्त वेळ बदला. गारठ्यात सांध्यातील वंगणासारखा द्रव थोडा घट्ट होतो, भोवतीचे स्नायू आखडतात आणि रात्रभर हालचाल नसल्यामुळे सकाळी ताठरपणा अधिक जाणवतो. पण थंडीमुळे सांधा झिजत नाही, दुखणे तेवढे वाढते. महिना-दोन महिने बसून राहिल्यास मांडीचे स्नायू अशक्त होतात आणि त्यांनी पेलायचा भार गुडघ्यावर येतो, म्हणून थंडीतील विश्रांतीची किंमत पुढे उन्हाळ्यातही मोजावी लागते. पांघरुणातच घोटे वर-खाली करावेत, गुडघे दहा-दहा वेळा वाकवून सरळ करावेत आणि मगच उठावे. नंतर खुर्चीवर बसून एकेक पाय समोर सरळ करून पाच सेकंद धरावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा करावे. ऊन आल्यावर, साधारण साडेआठनंतर, गुडघे झाकतील असे उबदार कपडे घालून सपाट रस्त्यावर चालावे. काठी वापरत असाल, तर ती अधिक दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. आपल्याकडे बहुतेक जण नेमके उलट करतात.

बी-१०४: माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांना गरम पाण्याच्या पिशवीने शेक दिला तर चालेल का? शिवाय मेथीचे आणि डिंकाचे लाडू करायला घेतले आहेत.

सी-५०१: शेक पंधरा मिनिटे द्यावा, मात्र मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते आणि कातडी भाजली तरी कळत नाही, त्यामुळे पिशवी टॉवेलात गुंडाळून, आधी आपल्या हाताला लावून पाहावी आणि मध्येच कातडी तपासावी. कोळशाची शेगडी बंद खोलीत कृपया कोणीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत जीव जाऊ शकतो. लाडूंबद्दल मी थोडी कठोर बोलते, त्याचा राग मानू नये. मेथी पौष्टिक आहे, पण लाडवात गूळ आणि तूपही भरपूर असते. सासूबाईंची साखर आणि वजन या दोन्हींचा विचार करून अर्धा लाडू पुरे. एक किलो वजन कमी झाले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, त्यामुळे यात हयगय नको.

ए-६०३: आमच्या गावाकडे एक जण सांधेदुखीची पूड देतो. माझ्या मामांना दोनच दिवसांत आराम पडला. कोणाला हवी असल्यास मी मागवून देऊ शकतो.

बी-३०२ (निवृत्त औषधविक्रेता): आपला हेतू चांगला आहे, तरीही ती मागवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वेष्टनावर घटक न लिहिलेल्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत, आणि दोन दिवसांत पडलेला आराम हेच मला सर्वांत मोठे शंकेचे कारण वाटते. स्टेरॉइडमुळे साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. मामा ती बरेच दिवस घेत असतील, तर एकदम थांबवणेही धोक्याचे ठरू शकते. पुडी सोबत नेऊन त्यांना डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून मनानेच आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्यानेही जठर आणि मूत्रपिंडांना इजा होते, रक्तदाबाच्या रुग्णांना तर अधिकच. वरून लावायचे जेल अनेकांना पुरेसे ठरते, पण तेही डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

ए-६०३: मामांना आजच फोन करतो. आपले आभार.

सी-५०१: आणखी एक गोष्ट. सकाळचा ताठरपणा तासाभराहून अधिक टिकत असेल आणि दोन्ही हातांची बोटे सुजत असतील, तर थंडीला दोष देत बसू नये. तो आमवात असू शकतो आणि त्यावर औषधोपचार जितके लवकर सुरू होतील तितके सांधे वाचतात. एखादाच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि सोबत तापही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

सचिव: गच्चीवरील ज्येष्ठांचा व्यायामवर्ग उद्यापासून सहाऐवजी साडेआठला सुरू होईल. गार फरशीवर बसावे लागू नये म्हणून सभागृहातील खुर्च्या वर नेण्यात येतील. बागेतील दोन बाकेही सकाळी ऊन येते त्या पूर्वेच्या बाजूला हलवत आहोत.

ए-२०२: मनापासून आभार. ए विंगच्या प्रवेशद्वारापाशी तीन पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूला आहे. उतरताना दुखरा पाय आधी टाकावा लागतो आणि तेव्हा माझ्या उजव्या हाताला काहीच आधार नसतो. दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवता येईल का?

सचिव: रविवारच्या बैठकीपूर्वी खर्चाचा अंदाज घेऊन विषय मांडतो. तोपर्यंत सकाळी आपण उतरण्याच्या वेळी सुरक्षारक्षकाला तेथे थांबायला सांगतो.