हँडलवर मोबाईल लावता का? मी काढून टाकला

सातारारोडकर

धनकवडी ते शिवाजीनगर, जाऊन-येऊन अठरा-एक किलोमीटर, रोज सायकलने. दोन वर्षं मोबाईल हँडलवर लावून फिरलो. गेल्या महिन्यात होल्डर काढला, आता तो कपाटावर धूळ खातोय. का ते सांगतो, मग शिव्या घाला.

संध्याकाळी साडेसहाची वेळ, पद्मावतीच्या अलीकडे. नकाशा चालू नव्हताच, रोजच्या रस्त्याला नकाशा कोण लावतं? उगीच वेग बघायला स्ट्राव्हा ॲप उघडलेलं. वरून मेसेजची पट्टी घसरत आली: 'येताना कोथिंबीर आण, पिवळी पडलेली नको.' एवढंच वाचलं आणि मान वर केली, तर पुढची रिक्षा थांबलेली. ब्रेक दाबले, पण दाबायला जागा कुठे होती? मोबाईलला ओरखडासुद्धा नाही. माझ्या गुडघ्याला तीन टाके. रिक्षावाले काका उतरून आले, हँडलकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पिच्चर लागलाय काय?"

घरी बसून हिशोब केला. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. एक ओळ वाचायला दोन सेकंद लागतात. म्हणजे सातारा रस्त्यावर मी १० मीटर डोळे मिटून सायकल चालवली, कोथिंबिरीसाठी.

आता मोबाईल पाठीवरच्या सॅकमध्ये, आतल्या कप्प्यात. वाजला तर वाजू दे. माझं म्हणणं सरळ आहे: रोजच्या ये-जा करणाऱ्याला हँडलवर मोबाईलची गरज नसते, ती सवय असते. पटत नसेल त्यांनी लिहा.

हिंजवडी_व्हाया_बाणेर

गुडघ्याची काळजी घ्या, पण आरोपी चुकीचा पकडलात. दोष होल्डरचा नाही, मेसेजच्या पट्टीचा आहे. 'व्यत्यय नको' लावायला दोन टिचक्या लागतात. माझ्या मोबाईलवर सायकल चालवताना फक्त नकाशा दिसतो, बाकी सगळं मुकं. बायकोचा फोन तेवढा येतो, तोही फक्त वाजतो, मी थांबूनच घेतो.

आणि 'रोजच्या रस्त्याला नकाशा कोण लावतं' हे सातारा रस्त्यावर ठीक आहे. आमच्याकडे मेट्रोच्या कामाने काल उघडा असलेला रस्ता आज बंद असतो. बाणच बघायचा असेल तर तो डोळ्यांच्या रेषेजवळ असलेला बरा. सॅकमधला मोबाईल काढायला तुम्ही कुठे थांबता? रस्त्याच्या कडेला, म्हणजे जिथे सहा आसनी रिक्षा घुसतात तिथेच ना?

सरकारलाही हे कळलंय. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमात, गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यापुरतं, लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने वापरायला मुभा आहे.

सातारारोडकर

नियम बरोबर सांगितलात, पण तो मोटार वाहनांचा. आपली सायकल त्या कायद्याच्या व्याख्येत बसतच नाही. २५० वॉटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या आतली ई-सायकलसुद्धा बसत नाही. म्हणजे आपल्याला मुभाही नाही आणि मनाईही नाही. पोलीस काही म्हणणार नाहीत, म्हणून रिक्षाचा मागचा बंपर मऊ होत नाही.

गावभागातली_सायकल

सगळ्या पुरुषमंडळींना एक विनंती. 'हँडलवरून काढा' हा सल्ला देण्याआधी घरातल्या बायकांच्या कुर्त्याला खिसा आहे का ते बघा. मी सांगलीत विश्रामबाग ते गावभाग जाते. सॅक लावली की पाठ घामाने भिजते, ओढणी तिच्यात अडकते. पर्स पुढच्या बास्केटमध्ये ठेवावी तर मागून मोटारसायकलवर दोघं आले की पर्ससकट सगळंच गेलं. माझ्या मैत्रिणीची गेली आहे.

म्हणून मी मोबाईल हँडलवर लावते, पण स्क्रीन बंद ठेवून. माझ्यासाठी तो होल्डर म्हणजे खिसा आहे, टीव्ही नाही. डोळ्यासमोर राहतो आणि वेळ आली तर ११२ लावायला पर्सची चेन उघडत बसावं लागत नाही.

एक अनुभवाची गोष्ट. लेडीज सायकलचं हँडल बारीक असतं, २२ मिलिमीटरच्या आसपास. होल्डरचा पट्टा त्याच्यावर कितीही आवळा, खड्डा आला की फिरतो आणि मोबाईल जमिनीकडे बघायला लागतो. आमच्या सायकलवाल्या मिस्त्रींनी जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा कापला, हँडलला दोन वेढे दिले आणि त्यावर होल्डर कसला. सात-आठ महिने झाले, हललेला नाही. पैसेही घेतले नाहीत.

वर्धारोड_तापमापक

सांगली-पुण्याच्या लोकांनी मे महिन्यात नागपूरला या आणि मग हँडलवर मोबाईल लावा. सकाळी दहालाच ऊन असं असते की हँडलची मूठ धरवत नाही. आयफोन वापरायला ० ते ३५ अंश तापमान ठीक, असं कंपनी स्वतःच सांगते. आमच्याकडे सावलीतच ४४ असते. पहिले स्क्रीन मंद होते, म्हणजे उन्हात तसंही काही दिसत नाही. मग चार्जिंग थांबते. मग काळी स्क्रीन आणि त्यावर थर्मामीटरचं चित्र. ज्या वळणावर नकाशा पाहिजे, नेमका तिथंच.

रबराचे चार कोपरे पकडणारे होल्डर तर आमच्याकडे एका उन्हाळ्याचे पाहुणे. माझा छत्रपती चौकात तुटला. रबर बाहेरून धडधाकट दिसत होतं, ओढून बघितलं तर बिस्किटासारखं तडकलं. मोबाईल पडला तो पडला, मागच्या ॲक्टिव्हाखाली गेला.

लेन्स_आणि_चाक

कॅमेऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने इशारा दिला होता की मोटारसायकलच्या ताकदवान इंजिनाची थरथर हँडलमधून थेट पोचली तर कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते. या कॅमेऱ्यात लेन्स घट्ट बसवलेली नसते. हात हलला की हालचाल ओळखणाऱ्या जायरोस्कोपला कळतं आणि चुंबकाच्या जोरावर लेन्स उलट दिशेला सरकते, म्हणून फोटो हलत नाही. तासन्‌तास बारीक थरथर बसत राहिली की या नाजूक कामाचं गणित बिघडतं. मग समोरचं झाड जेलीसारखं डुलताना दिसतं.

हिंजवडी_व्हाया_बाणेर

इंजिनाची थरथर म्हणालात ना? माझ्या सायकलला इंजिन नाही, मी स्वतःच आहे आणि मी इतका थरथरत नाही. त्या इशाऱ्यात मोपेड आणि ई-स्कूटरची थरथर कमी म्हणून धरलीय, तिथे हादरे शोषणारा होल्डर लावा आणि रोज फार वेळ लावू नका, असं म्हटलंय. सायकलवर खड्ड्याचा धक्का बसतो, तो वेगळा. इंजिन सेकंदाला शेकडो वेळा हलतं, खड्डा एकदा येतो.

लेन्स_आणि_चाक

एकदा? कोणत्या गावात राहता? माझ्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉकचा अर्धा किलोमीटर आहे, तिथे दातसुद्धा वाजतात. सायकलने कॅमेरा जातोच असं मी म्हणत नाही. पण महागडा मोबाईल असेल तर तो पॅडिंगच्या बॅगेत ठेवायला काय जातं?

आइंडहोवनचा_पाऊस

इथे नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना मोबाईल हातात धरायला बंदी आहे. सुरुवातीला दंड ९५ युरो होता. होल्डरमध्ये लावलेला चालतो. आमच्याकडे होल्डर लोकप्रिय झाले त्यात या कायद्याचाही हात आहे. पूर्वी पोरं एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने टाइप करत जायची, अगदी रांगेने. त्यामुळे सातारारोडकरांनी होल्डरलाच खलनायक केलं ते मला पटत नाही. होल्डर गेला की मोबाईल सॅकमध्ये जाईल असं तुम्ही धरून चाललाय, बहुतेकांच्या बाबतीत तो हातात येतो.

अर्थात इथे सायकलचा रस्ता वेगळा, लाल डांबराचा, आणि वळणावर बस अंगावर येत नाही. म्हणून आमचा नियम उचलून स्वारगेटला लावा असं मी म्हणणार नाही.

सातारारोडकर

मग जपानचाही नियम बघा. १ नोव्हेंबर २०२४ पासून तिथे सायकलवर मोबाईल हातात धरून वापरला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाख येनपर्यंत दंड. आणि मनाई फक्त हातात धरण्यालाच नाही. हँडलवर लावलेल्या मोबाईलच्या स्क्रीनकडे टक लावून बघायलाही मनाई आहे. म्हणजे हात मोकळे असून भागत नाही, डोळेही मोकळे लागतात, हे त्यांनी ओळखलं. माझे हात मोकळेच होते हो त्या दिवशी! दोन्ही ब्रेकवर.

हातात येण्याचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. सिग्नलला उभा राहिलो की माझाही हात सॅककडे जातो.

ठाणे_दोनचाकी

साहेब लोक, मी सायकलवर डिलिव्हरी करतो, ठाण्यात. तुमची चर्चा वाचून मजा आली. मला मोबाईल हँडलवर लावू की नको असा प्रश्नच नाही. ऑर्डर वाजली की काही सेकंदांत स्वीकारायची, नाहीतर दुसऱ्याला जाते. सोसायटीचं गेट कुठे, विंग कोणती, सगळं त्याच्यावर. बॅगेत ठेवला तर दिवसाची कमाई पण बॅगेतच राहील.

पण मी ऊन-पावसातलं सांगतो, ते तुमच्या होल्डरच्या जाहिरातीत नसतं. पावसात थेंब स्क्रीनवर पडला की मोबाईलला वाटतं बोट लागलं. माझी एक ऑर्डर पावसाने नाकारली आहे, खोटं नाही सांगत. प्लॅस्टिकची पिशवी चढवली तर आत वाफ धरते, काही दिसत नाही. आता वरच्या दांड्यावर लावायचं पाऊच घेतलंय, पारदर्शक झाकणाचं, आत जुना रुमाल घडी करून घातलाय. तो वाफ पितो. पॉवर बँक त्याच्यातच, कारण वायर बाहेर भिजली की चार्जिंगच्या भोकात पाणी असल्याचा इशारा येतो आणि चार्जिंग बंद.

आणि रस्ता बघत नाही मी, ऐकतो. एकाच कानात इअरफोन, उजवा कान ट्रॅफिकला. ती बाई सांगते 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा', बस. स्क्रीन बघायची ती थांबल्यावर. सातारारोडकर दादा, तुमचं बरोबर आहे, पण ते पगारी माणसाचं बरोबर आहे.

सातारारोडकर

दादा, हे शेवटचं वाक्य लागलं. धाग्यात 'रोजची ये-जा करणारा' लिहिताना माझ्या डोळ्यासमोर मीच होतो. तुमच्या कामाचं मी धरलंच नव्हतं. ते मागे घेतो. रुमालाची युक्ती मात्र उचलतो.

हिंजवडी_व्हाया_बाणेर

म्हणजे नकाशावाल्यांपुढे हार मान्य?

सातारारोडकर

छे! डिलिव्हरीवाल्यांपुढे. तुम्ही रोज त्याच रस्त्याने त्याच ऑफिसात जाता. मेट्रोचं काम बदललं तर घरून निघताना एकदा नकाशा बघा, चौक लक्षात ठेवा. तुम्हाला बाण नकोय, सोबत हवीय.

जुनी_काळी_सायकल

वय ७१. पेन्शनर. आम्ही पत्ता चिठ्ठीवर लिहून घंटीच्या वाटीखाली खोचत असू. कधी नोटिफिकेशन आलं नाही. वारा आला तर मात्र पत्ता उडायचा.

वर्धारोड_तापमापक

काका, ते खरं 'ऑफलाइन'.

गावभागातली_सायकल

चोरीचं एक राहिलं. मोबाईल हँडलवर असो वा पर्समध्ये, *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक घरी वहीत लिहून ठेवा. गेलाच तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या 'संचार साथी' वेबसाइटवरून तो हँडसेट बंद करता येतो. मैत्रिणीला हा नंबर शोधायला मोबाईलच्या खोक्यासाठी अख्खा माळा उतरवावा लागला. आणि पडलो तर आपल्याला उचलणाऱ्याला घरचा नंबर दिसावा म्हणून लॉक स्क्रीनवर आपत्कालीन संपर्क भरून ठेवा. हँडलवरचा मोबाईल पडताना कुठे उडेल सांगता येत नाही, म्हणून मी एक चिठ्ठी सीटखालीही ठेवली आहे. काकांचीच पद्धत.

लेन्स_आणि_चाक

सगळे होल्डर कुठे लावता ते सांगा. माझ्या हँडलवर उजवीकडे गिअर, डावीकडे दिवा, मध्ये होल्डर. घंटी काढावी लागली. आता पुढे कुणी आलं की तोंडानेच ओरडतो. काल एका आजोबांना 'ओ काका, बाजूला' म्हटलं, तर ते जागेवर थांबून वळले आणि म्हणाले, "घंटी विकली काय?"

सातारारोडकर

माझा होल्डर काढला त्या जागेवर मी घंटीच लावली आहे. पितळी, तुळशीबागेतली. तुमची पण लावा, मोबाईल दांड्यावरच्या पाऊचमध्ये टाका. आणि ट्यूबचा तुकडा किती रुंद म्हणालात, दोन बोटं ना? घंटीचा पट्टा पण फिरतोय.