'क्लिक केमिस्ट्री'तला 'क्लिक' : टिचकी की टिचबटण?

प्रश्न – नौपाडा, ठाणे
आमच्या मराठी शाळेच्या विज्ञान भित्तिपत्रकासाठी २०२२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारावर टिपण लिहीत आहे. कॅरोलिन बर्टोझी, मॉर्टेन मेल्डाल आणि बॅरी शार्पलेस यांना तो 'क्लिक केमिस्ट्री' आणि 'बायोऑर्थोगोनल केमिस्ट्री' यांच्या विकासासाठी मिळाला. संगणकावरच्या 'क्लिक'ला 'टिचकी' रुळली असल्याने पहिल्या संज्ञेसाठी 'टिचकी रसायन' सुचले. दुसरीसाठी काहीच सुचत नाही.

उत्तर – ऐरोली
बाई, 'टिचकी' येथे चकवते. टिचकी मारली की वस्तू दूर जाते, जसा कॅरमचा स्ट्रायकर. येथे तर दोन रेणू एकमेकांत अडकून बसतात. हा 'क्लिक' माउसचा नसून पट्ट्याची कडी बसल्याचा आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रंगद्रव्यांच्या कारखान्यात माझी नोकरी झाली. हवा तो पदार्थ तयार करण्यापेक्षा त्यासोबत तयार झालेले नको ते पदार्थ वेगळे काढण्यातच आमचा अधिक वेळ जात असे, त्यामुळे झटपट घडणारी, भरपूर उत्पादन देणारी आणि मागे फारसा कचरा न ठेवणारी जोडणी हवी, ही शार्पलेस यांची २००१ मधली मागणी मला लगेच पटते. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि मेल्डाल यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, तांबे उत्प्रेरक असेल तर अझाइड (तीन नायट्रोजनांची साखळी) आणि अल्काइन (तिहेरी बंधाने जोडलेले दोन कार्बन) हे दोन अणुगट चटकन जुळून ट्रायाझोल नावाचे अणूंचे कडे तयार होते. यासाठी मला झबल्याचे 'टिचबटण' आठवते : दोन भाग, दोन्ही वेगळे, आणि दाबले की टिच्. 'खटका'ही सुचला होता, पण खटका उडतो तो भांडणात.

प्रश्नकर्ती
काका, 'टिचबटण' आवडले. मात्र 'टिचणे' म्हणजे तडा जाणे, काच टिचते. मुलांचा गोंधळ होणार नाही ना?

उत्तर – ऐरोली
झबल्याला टिचबटण लावताना कोणाला काच आठवते? शब्द अख्खा ऐकला जातो.

उत्तर – खारघर
मी पेशींवर काम करते. प्रयोगशाळेत आम्ही सरळ 'क्लिक करून घेऊ' असेच म्हणतो, तेव्हा माझा अधिकार बेताचाच. दुसरी संज्ञा, 'बायोऑर्थोगोनल', म्हणजे अशीच जोडणी जिवंत पेशीत, तिच्या कामात लुडबूड न करता घडवणे. तिची अडचण तांब्यापासूनच सुरू होते, कारण तांबे जिवंत पेशीला विषारी ठरते. बर्टोझी यांनी २००४ मध्ये अल्काइन आठ कार्बनांच्या कड्यात बसवले. अल्काइनला सरळ राहायचे असते. कड्यात वाकवल्यामुळे त्यात ताण साठतो आणि तो ताणच तांब्याचे काम करतो. अझाइड जोडलेली शर्करा पेशीला दिली की पेशी ती आपल्या पृष्ठभागावरच्या शर्करासाखळ्यांत गुंफते, मग तिला हे वाकवलेले अल्काइन असलेला चमकणारा रेणू जोडता येतो, आणि एवढे होऊनही आजूबाजूच्या हजारो रेणूंना त्याचा पत्ता लागत नाही. 'ऑर्थोगोनल'चा भूमितीतला अर्थ 'लंब' घेतला, तर यातले काहीच पोहोचत नाही. 'सोवळे' हा शब्द मोह पाडतो, पण सोवळ्यातला माणूस कोणालाच शिवत नाही (शिवाय त्या शब्दाला विटाळाचा वास आहे), आणि येथे तर जोडीदाराला भेटणे आवश्यकच आहे. अळवावरचे पाणीही पानाला चिकटत नाही. मात्र मराठीत ते क्षणभंगुरतेला वाहिलेले. म्हणून 'जैव-अलिप्त' म्हणावे. अलिप्त माणूस गर्दीत वावरतो, आपले काम करतो, भानगडीत पडत नाही.

उत्तर – ऐरोली
'जैव-अलिप्त' उत्तम. फक्त 'रसायन' हा शब्द दोन्हीकडून काढावा. मराठीत रसायन म्हणजे बाटलीतला पदार्थ. 'टिचबटण रसायन' वाचून मुले ते कोठे विकत मिळते असे विचारतील. 'टिचबटण अभिक्रिया' आणि 'जैव-अलिप्त अभिक्रिया' असे लिहावे, आणि 'क्लिक' हा मूळ शब्द पहिल्या उल्लेखात शेजारी ठेवावा, म्हणजे पुढे तो कोठे भेटला तर मुलांना ओळखता येईल.