एमएक्स-५चे वळणातले कलणे घालवावे का?

शेफील्डकर

माझदा एमएक्स-५ची चौथी पिढी २०१५ साली विक्रीस आली, तेव्हापासून तिच्याविषयी एक तक्रार सतत ऐकू येते: जेमतेम एक टन वजनाची, मागच्या चाकांवर चालणारी ही दोन आसनी गाडी वळणात स्पोर्ट्स कारला न शोभेल इतकी कलते. माझ्याकडे ही गाडी आहे आणि इंग्लंडमधील शेफील्डहून ग्लॉसपकडे जाणारा स्नेक पास हा माझा नेहमीचा रस्ता आहे. तिथली जमीन सरकत असल्यामुळे डांबराला लाटा आल्या आहेत, आणि एका लाटेतून गाडी सावरण्याआधीच दुसरी लाट येते.

म्हणून मूळ स्प्रिंग आणि डॅम्पर (स्प्रिंगचे झुलणे आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर) काढून चांगल्या प्रतीचे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र असलेले, उंची बदलता येणारे संच बसवावेत, या मतापर्यंत मी आलो आहे. ‘मग आराम विसरा’ हे उत्तर मला सरसकट मान्य नाही. घरगुती गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते सव्वा वेळा झुलतो, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचा दीड वेळा आणि शर्यतीच्या गाडीचा दोन वेळा किंवा त्याहून अधिक. ही वारंवारता ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ४० टक्के ताठ स्प्रिंग बसवली तरी झुलण्याचा वेग सुमारे १८ टक्क्यांनीच वाढतो. एवढी किंमत मोजायला माझी तयारी आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

निवांत

माझा विरोध मुळापासून आहे. आपण ज्याला दोष म्हणता तो या गाडीच्या रचनेचा भाग आहे. माझदा कंपनी घोडा आणि स्वार एकजीव होण्याची कल्पना सांगते. ती जाहिरातीची भाषा म्हणून बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते: सावकाश आणि सरळ प्रमाणात कलणारी गाडी आपल्याला टायरच्या मर्यादेची सूचना आधी देते. ताठ गाडी उशिरापर्यंत गप्प राहते आणि मग एकदम सुटते.

दुसरे असे की कलणे थांबवले म्हणजे भार बाहेरच्या चाकांवर जाणे थांबले, हा समज चुकीचा आहे. एकूण किती भार सरकेल हे गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधील रुंदी, वजन आणि वळणाचा जोर यांवर ठरते. स्प्रिंगच्या ताठपणाचा त्यात जवळजवळ वाटा नसतो. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर धरला आणि गाडी ३० मि.मी. खाली आणली, तर सरकणारा भार फार तर सहा टक्क्यांनी घटेल. त्यासाठी चाकाच्या हालचालीची केवढी जागा गमवावी लागते, याचा हिशेब कोणी करत नाही.

कंपनीने स्वतः हा प्रश्न कसा हाताळला तेही पाहावे. २०२२पासूनच्या गाड्यांमध्ये वेगवान वळणात आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला अगदी हलका ब्रेक लागतो, आणि मागच्या सस्पेन्शनच्या भूमितीमुळे त्या ब्रेकने सांगाडा खाली ओढला जातो. एकही स्प्रिंग ताठ न करता सांगाड्याचे वर उचलले जाणे कमी झाले आणि वजनही वाढले नाही.

रविवारचा चालक

दोघांचेही म्हणणे सार्वजनिक रस्त्यापुरते ठीक आहे. मी वर्षातून काही वेळा ओल्टन पार्कच्या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी नेतो, आणि तिथे कलण्याचा खरा तोटा टायरच्या बाहेरच्या कडेवर दिसतो. सांगाडा कलला की बाहेरचे चाकही त्याच्याबरोबर बाहेर झुकते. डबल विशबोन रचना (चाक दोन आडव्या भुजांवर धरणारे सस्पेन्शन) त्यातले काही भरून काढते, सगळे नाही. निवांत यांचे भारांतरणाचे गणित बरोबर आहे, परंतु टायर जमिनीला किती सपाट टेकतो हा त्या गणिताबाहेरचा प्रश्न आहे. मी मऊ स्प्रिंगकडे परत जाणार नाही, पाठ दुखली तरी.

मुठेकाठचा

ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली जात नाही, तरीही पुण्यात दुसरी एक बुटकी दोन आसनी गाडी चालवणारा म्हणून लिहितो. इथे वाद आराम आणि चपळाई यांच्यातला नसून चाकाला वर जायला जागा किती उरते याचा आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सें.मी. उंच सांगितला आहे, जो ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता यावा. सोसायटीच्या दारात रातोरात उगवणाऱ्या गतिरोधकांना हे मानक कोणी दाखवलेले नसावे.

गाडी खाली आणली की चाक लवकर बंपस्टॉपवर जाते. तो रबरी ठोकळा दाबला जाताच ताठपणा अचानक कित्येक पटींनी वाढतो, आणि लोक ज्याला ‘स्प्रिंग कडक आहे’ म्हणतात तो धक्का बहुधा स्प्रिंगचा नसतोच. वर्गमुळाचा हिशेब तिथे संपतो. वळणाच्या ऐन मध्यावर असे झाले तर त्या टोकाची पकडही एकाएकी कमी होते. म्हणजे आराम गेला तो गेलाच, हाताळणीही गेली.

शिवाय इथे गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, तुमच्याकडे विमा कंपनीला प्रत्येक बदल कळवावा लागतो. तो खर्च धरला आहे का?

शेफील्डकर

विम्याचा खर्च धरला आहे. उंचीबाबत मुठेकाठचा यांच्याशी माझे पूर्ण एकमत आहे; मूळ उंचीपेक्षा १० ते १५ मि.मी.हून अधिक खाली जाण्याचा विचार नाही.

परंतु आतापर्यंतच्या चर्चेत स्प्रिंगच फार बोलली आणि डॅम्पर गप्प राहिला. गाडी कलते किंवा लाटेवर झुलते तेव्हा डॅम्परचा दांडा सावकाश सरकतो. खड्ड्यात तो कितीतरी पट वेगाने आत ढकलला जातो. चांगल्या डॅम्परमध्ये हे दोन वेग वेगळे हाताळता येतात: सावकाश हालचालीला भक्कम विरोध, आणि आघात तीव्र झाला की झडप उघडून तेलाला मोकळी वाट. ओहलिन्स या डॅम्पर बनवणाऱ्या कंपनीच्या रोड अँड ट्रॅक संचातील दुहेरी प्रवाहाची झडप याच कामासाठी आहे, आणि ती चाक परत खाली येतानाही उघडते. स्वस्त संचांत बहुधा एकच बटण असते आणि ते मुख्यतः परतीची हालचाल आवळते. मालक ते ‘स्पोर्ट’ म्हणून फिरवत राहतो; मग लागोपाठच्या उंचवट्यांवर चाकाला खाली यायला वेळच मिळत नाही आणि गाडी पायरीपायरीने बंपस्टॉपवर बसते. स्नेक पासवर नेमके हेच घडेल. म्हणून वाद ‘बदलावे की नाही’ एवढाच ठेवून चालणार नाही. काय बसवतो यावर बरेच अवलंबून आहे.

निवांत

डॅम्परविषयी मान्य. आपला मुद्दा माझ्याच बाजूने जातो असेही म्हणता येईल: जपानमध्ये २०२१च्या अखेरीस जाहीर झालेल्या ‘९९०एस’मध्ये माझदाने चाके हलकी केली आणि त्यानुसार स्प्रिंग-डॅम्परची जुळणी नव्याने केली. चाक हलके झाले की डॅम्परला आवरायचे ओझेही कमी होते, आणि हा असा बदल आहे ज्यात आराम आणि पकड दोन्ही सुधारतात. आधी चाके आणि टायर पाहावेत, पुढे-मागे थोडा ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणे) देऊन अलाइनमेंट करून घ्यावी (या गाडीत ती सोय मुळातच आहे) आणि तरीही समाधान झाले नाही तर कॉइलओव्हरला हात घालावा. रविवारचा चालक यांच्या टायरची कडही बरीचशी याच मार्गाने वाचेल.

रविवारचा चालक

अलाइनमेंट मी केव्हाच केली आहे. त्याने फरक पडतो, पुरेसा पडत नाही. ऋण कॅम्बर वाढवत गेलो तर सरळ रस्त्यावर आतली कड झिजते आणि ब्रेक लावताना पकड घटते.

मुठेकाठचा

शेफील्डकर, पैसे भरण्याआधी एक साधी तपासणी करावी. चारही डॅम्परच्या दांड्यांवर, धूळरोधक वर सरकवून, प्लास्टिकचा झिप-टाय घट्ट बांधावा आणि तो खाली ढकलून नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने गाडी चालवावी. परत आल्यावर तो दांड्यावर कुठपर्यंत सरकला आहे ते पाहावे. मूळ उंचीवरच तो बंपस्टॉपपर्यंत पोहोचत असेल, तर ते १० मि.मी.सुद्धा आपल्याला परवडणारे नाहीत.