पहाटे हाताला मुंग्या येऊन जाग येते

प्रश्न
गेले दोन महिने पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास उजव्या हाताला मुंग्या येऊन मला जाग येते. हात इतका बधिर झालेला असतो की उशाजवळचे पाण्याचे भांडे उचलायलाही डावा हात लागतो; उठून बसून, हात खाली सोडून जोरात झटकला की पाच-दहा मिनिटांत तो पूर्ववत होतो. माझे वय ४६ आहे आणि मी घरी शिवणकाम करते. आता दिवसाही चिमटीतून सुई निसटू लागली आहे. हात अंगाखाली दबत असेल असे घरचे म्हणतात, पण मी उताणी झोपते. हे दुखणे रक्ताभिसरणाचे आहे की नसेचे?

प्रतिसाद १
ताई, पुन्हा जाग येईल तेव्हा आधी दिवा लावा आणि करंगळी बधिर आहे का, एवढेच पाहा. मनगटात हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामधून जाणारा अरुंद बोगदा असतो; त्यातून बोटे मिटणारे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नस जाते, आणि ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यांनाच संवेदना पुरवते. झोपेत मनगट दुमडले की बोगद्यातला दाब वाढतो, म्हणून हा त्रास रात्री अधिक होतो. करंगळी शाबूत असेल, तर कार्पल टनेल सिंड्रोमची, म्हणजे याच बोगद्यात नस दबण्याच्या विकाराची, शक्यता बरीच आहे. हात झटकल्यावर बरे वाटणे ही त्याची ठळक खूण आहे.

प्रतिसाद २
मला हाच त्रास होता. कुणीतरी सांगितले म्हणून मी वर्षभर केवळ बी-१२च्या गोळ्या घेत राहिले आणि त्या काळात अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट झाला, याची हळहळ मला आजही वाटते. पुढे थायरॉईड कमी असल्याचे निघाले. तुम्ही थायरॉईड, साखर आणि बी-१२ या तिन्ही तपासण्या करून घ्या, आणि अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा न्यूरोलॉजिस्टना दाखवा; ते बहुधा एनसीव्ही सांगतील, ज्यात विजेचे बारीक झटके देऊन नसेचा वेग मोजतात. सौम्य त्रासात मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधून सहा आठवडे पाहतात. तुमची सुई निसटते आहे, म्हणून मात्र पट्टा आणून थांबू नका.

प्रतिसाद ३
करंगळीच बधिर होत असेल, तर दोष बहुधा कोपराजवळच्या अल्नर नसेत असतो आणि कोपर दुमडून झोपण्याची सवय सोडावी लागते. मानेतून कळ येत असल्यास किंवा पायांनाही मुंग्या येत असल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल पहाटे दिवा लावून एकेक बोट चिमटून पाहिले. करंगळीला चिमटा नीट कळला, शेजारच्या अनामिकेला करंगळीकडच्या बाजूने कळला आणि मधल्या बोटाकडच्या बाजूने कळला नाही. सोमवारची वेळ घेतली आहे.